आज्ञार्थ : एका कान्याचा मान



सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत आपण किती वेळा दुसऱ्याला काही करायला सांगतो, ते एकदा मोजून पाहा. 'ऊठ', 'पाणी आण', 'बैल सोड', 'धडा वाच'. क्रियापदाच्या अशा रूपाला व्याकरणात आज्ञार्थ म्हणतात. नाव आज्ञेचे असले तरी त्याचे काम केवळ हुकमाचे नाही बरं का! 'देवा, सांभाळ' ही प्रार्थना, 'सुखी राहा' हा आशीर्वाद आणि 'दोन घास खाऊन जा' हा आग्रह. मोरो केशव दामले यांचे १९११ साली प्रसिद्ध झालेले 'शास्त्रीय मराठी व्याकरण' शिक्षकमंडळींना ठाऊक असेलच.

आता थोडे दूर, फ्रान्स देशात जाऊ या. फ्रेंच भाषेत आज्ञार्थाची रूपे तीनच. 'पार्ल' म्हणजे 'बोल', 'पार्ले' म्हणजे 'बोला' आणि 'पार्लों' म्हणजे 'बोलू या'. अगदी आपल्यासारखेच की नाही? तिथेही लहानाला वा जवळच्याला 'त्यू', म्हणजे तू, आणि अनोळखी वा वडीलधाऱ्या माणसाला 'वू', म्हणजे तुम्ही. आज्ञार्थात हे तू-तुम्ही गळते, पण क्रियापदाचे शेपूट मान सांगून जाते. विनंती करताना ते 'सिल वू प्ले' असे जोडतात. त्याचा शब्दशः अर्थ, 'तुम्हांला रुचत असेल तर'. आपण त्याच कामासाठी 'जरा' म्हणतो, 'ना' म्हणतो. आणि आपल्या वैदर्भी बोलीतले 'उद्या येजो' ऐका. 'ये' म्हटले की आत्ताच यायचे. 'येजो' म्हटले की माणसाला सवड मिळते. हुकमाची धार त्यात आपोआप बोथट होते.

आता आपल्या भंडारा जिल्ह्यातली धानाची बांधी डोळ्यांपुढे आणा. रोवणा चालू आहे. साठीची बाई चिखलात वाकलेली आहे आणि धुऱ्यावरून विशीतला मुलगा ओरडतो, 'ए, पऱ्हे आण!' तेवढ्यात गावातला कुणी मोठा माणूस येतो. तोच मुलगा म्हणतो, 'या, बसा.' 'आण' आणि 'आणा' यांत फरक किती? एका कान्याचा. पण तो काना कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही, हे वयाने ठरत नाही. जमीन, जात आणि पैसा पाहून ठरते. ते त्या बाईलाही कळते.

फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ साली, सर्व नागरिकांनी एकमेकांना 'तू'च म्हणावे असा आग्रह धरला गेला. हेतू समतेचा होता, पण तो रिवाज टिकला नाही. आपल्याला उलट वाट धरता येईल. सर्वांना 'तू'वर उतरवण्याऐवजी कष्ट करणाऱ्याला 'तुम्ही'वर चढवावे.

मात्र शिक्षकांनो, एक सांभाळा. 'तू' म्हणजे अपमानच, असे मुलांना शिकवू नका. आपण आईला 'तू जेव' म्हणतो, देवाला 'तू धाव' म्हणतो. तिथे ती माया असते. पहिलीतले पोर 'गुरुजी, तू ये ना' म्हणाले तर त्याला उद्धट ठरवू नका. घरी आजीला ते तसेच बोलावते. त्याची घरची बोली राहू द्या आणि तिच्या शेजारी 'या'ची ओळख करून द्या. 'ये'चे 'या', 'दे'चे 'द्या', 'लिही'चे 'लिहा'. 'जा' आणि 'खा' मात्र दोघांनाही तेच. तिथे मान आवाजातून द्यावा लागतो, हेही दाखवा.

एक सोपा पाठ सुचवतो. मुलांना एका दिवसात कानांवर आलेले आज्ञार्थ वहीत उतरवायला सांगा. कोण कोणाला म्हणाले, तेही लिहू द्या. व्याकरणाचा धडा तर होईलच, पण गाव आपसांत कसे बोलते, तेही त्या वहीत दिसेल.

आणि शेतकरी बंधूंनो, उद्या बांधीवर गेलात की एवढेच करून पाहा : 'बाई, जरा पऱ्हे आणा.'