घरासोबत मिळालेला देश

२०१२च्या सुमारास युरो संकटानं पोर्तुगाल, स्पेन, ग्रीस आणि सायप्रस पार खिळखिळे झाले होते. बांधलेली घरं गिऱ्हाइकाविना पडून, बँका बुडीत कर्जांनी बेजार. बाहेरचा पैसा आणायचा तर बदल्यात द्यायचं काय? पोर्तुगालनं ऑक्टोबर २०१२मध्ये ‘गोल्डन व्हिसा’ काढला: पाच लाख युरोंची मालमत्ता घ्या, वर्षाकाठी सरासरी सात दिवस राहा, वास्तव्याचा परवाना घ्या. पुढच्याच वर्षी स्पेन पाच लाखांत आणि ग्रीस अडीच लाखांत त्याच वाटेनं गेले.

सायप्रसनं तर वीस लाख युरोंच्या मालमत्तेवर थेट नागरिकत्व देऊ केलं. एका देशाचा पासपोर्ट हाती आला, की साऱ्या युरोपीय संघात राहायची, कमवायची मुभा. ऑक्टोबर २०२०मध्ये अल जझीरानं छुपं चित्रीकरण दाखवलं. शिक्षा झालेल्या एका काल्पनिक चिनी धनिकाला पासपोर्टसाठी मदत करायला खुद्द संसदेचे अध्यक्ष तयार झाले होते. त्यांना पायउतार व्हावं लागलं आणि १ नोव्हेंबरपासून योजना बंद झाली. २९ एप्रिल २०२५ला युरोपीय न्यायालयानं माल्टाच्या अशाच योजनेवरच्या खटल्यात स्पष्ट केलं, की नागरिकत्वाचा व्यवहार करता येणार नाही.

परवान्याच्या वाटेवर रोष वेगळ्या कारणानं उसळला. लिस्बनमध्ये घरं स्थानिक पगारदारांच्या आवाक्याबाहेर गेली. पर्यटकांना भाड्यानं दिलेली घरं हे त्यामागचं मोठं कारण, पण गोल्डन व्हिसाही लोकांच्या डोळ्यांत खुपला. पोर्तुगालनं २०२३मध्ये मालमत्तेचा मार्ग बंद केला, स्पेननं ३ एप्रिल २०२५ला सगळी योजनाच गुंडाळली. ग्रीसची योजना चालू आहे, पण अथेन्समध्ये आता आठ लाख युरो लागतात.

नागरिकत्वाची विक्री थांबायलाच हवी होती, असं मला ठामपणे वाटतं. सरकारनं राहण्याची परवानगी पैसे घेऊन दिली तर एक वेळ समजू शकतं. मताचा हक्क विकणं म्हणजे तिथं जन्मलेल्या प्रत्येकाचा हक्क स्वस्त करणं.

आपल्याकडे हा फरक गोव्याला नीट ठाऊक आहे. पोर्तुगीज राजवटीतल्या, १९६१पूर्वीच्या जन्मनोंदींच्या आधारे अनेक गोवेकर पोर्तुगीज नागरिक झाले. त्यासाठी त्यांनी घर विकत घेतलं नाही, पण भारतीय नागरिकत्व गेलं. १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ तसंच सांगतं. पुढं ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळालं, तरी इथं मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. परवाना घेतला तर मात्र भारतीयत्व शाबूत राहतं.

म्हणून परदेशात घर दाखवणाऱ्या एजंटला आधी एवढंच विचारा: मिळणार काय, परवाना की नागरिकत्व? उत्तर लेखी घ्या, मगच पैसे मोजा.