मोठ्या कंपन्या : राष्ट्राचा लाभ आणि शेतकऱ्याची जोखीम

यवतमाळ जिल्ह्यातील कळंबचा परिसर कापूस पिकविणारा आहे. मोठ्या कंपन्यांमुळे राष्ट्राला काय मिळते आणि काय गमवावे लागते, याचा पडताळा येथील बियाण्याच्या पाकिटातच येतो.

बोंडअळीला प्रतिकार करणाऱ्या बीटी कपाशीस केंद्र शासनाने मार्च २००२ मध्ये मान्यता दिली. मूळ तंत्र अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीचे. जालन्याच्या महिको कंपनीच्या भागीदारीतून ते भारतात आले. अशा संशोधनास लागणारे भांडवल आणि वर्षानुवर्षांचा धीर मोठ्या कंपनीलाच परवडतो. आरंभीच्या वर्षांत बोंडअळीवरील फवारण्या घटल्या, हा त्याचा लाभ होय.

तथापि, तंत्र एका हाती असले म्हणजे किंमतही तोच हात ठरवितो. प्रारंभी ४५० ग्रॅमच्या पाकिटास सुमारे १,६०० रुपये पडत. २००६ मध्ये राज्य शासनांनी हस्तक्षेप केल्यावर ती किंमत ७५० रुपयांच्या आसपास आली. महाराष्ट्राने २००९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. पुढे २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीसही ग्रासले, तेव्हा नुकसानीचा मुख्य भार शेतकऱ्यावरच पडला.

म्हणून कंपनीला विरोध हा उपाय नव्हे. तिला नियमन आणि पर्याय यांची जोड हवी. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था व अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांचे सरळ वाण हा असा पर्याय आहे. त्यांची माहिती खरिपापूर्वीच्या ग्रामसभेत देणे आणि बियाण्याची पावती जपण्याचा आग्रह धरणे, एवढे कार्य पंचायतीस सहज करता येईल.