दोष माईकचा की मोजणीचा?

मंडळी, साताऱ्यात मुद्रित केलेलं व्याख्यान सांगलीत लावलं आणि आवाज जाड, संथ आला, तर आपण आधी माईकला दोष देतो. इथे न्यायशास्त्रातला अन्वय-व्यतिरेक कामी येतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोष राहतो की जातो ते पाहायचं.

त्याच ऑडिओ इंटरफेसमधून एखादी जुनी, खात्रीची फाइल लावू. तीही बिघडली, तर दोष ऐकण्याच्या बाजूला. नाहीतर नव्या फाइलमध्ये.

मग सॅम्पल रेट पाहू. सेकंदाला ४८,००० नमुन्यांनी घेतलेला आवाज ४४,१०० च्या गतीने वाजला, तर तासाचं व्याख्यान सुमारे ६५ मिनिटं चालतं आणि सूर जवळजवळ दीड पट्टी उतरतो. मिरजेचा तंबोराही उतरेल. पण त्याच्या तारा आपापसांत सुरेलच राहतील. म्हणून नुसता कान फसतो; घड्याळ लावून बघावं.

उपाय साधा आहे. सॉफ्टवेअर आणि इंटरफेस, दोन्हींचा रेट एकच ठेवायचा. मूळ मुद्रण बहुधा शाबूत असतं. ते योग्य गतीने वाचायचं, एवढंच.

सूर बरोबर, पण आवाज तडतडतोय? मग बफर १२८ वरून ५१२ करून पाहू. मात्र तेवढंच बदलायचं; दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कारण कुठलं ते कधीच कळत नाही.