चुलवाणावरचा पाक आणि ओठावरची लव

आजीच्या फणेरपेटीत आरशाच्या झाकणाखाली दोन छोटे करंडे असत. एकात पिंजर, दुसऱ्यात मेण. बोटाचं टोक मेणाला लावून कपाळावर गोल फिरवायचं, वर पिंजर टेकवायची आणि कडेची सांडलेली भुकटी पदराने टिपायची. ते मेण मधमाश्यांचं, थोड्या तेलात विरघळवून मऊ केलेलं. महाबळेश्वरच्या रानातल्या मधाला आज नाव आहे, तिथलं मांघर 2022 मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. पण पोळ्यातून मध गाळल्यावर उरणाऱ्या मेणाला तेव्हा घराघरांत गिऱ्हाईक होतं.

त्यामुळे बाईच्या चेहऱ्याला मेण नवं नाही, त्याचं काम तेवढं बदललं. आणि ज्याला आपण सरसकट ‘वॅक्स’ म्हणतो त्यात बहुतेक वेळा मधमाशीचा वाटा थोडाच असतो. पार्लरमधल्या गरम वॅक्समध्ये मुख्य माल असतो राळ, म्हणजे चीड वृक्षाचा डिंक. केसाला घट्ट धरते ती राळ, आणि काहींच्या कातडीला पुरळही तिच्यामुळेच येतं. देवघरातली मेणबत्ती वितळवून ओठावर लावण्याचा उद्योग कुणी करू नये. ते पॅराफिन असतं, गार झालं की कडक होतं, तुटतं आणि केस मात्र जागच्या जागी राहतो.

सातारा-सांगलीच्या घरात सहज होणारं वॅक्स साखरेचं. गेल्या दिवाळीत कराडला मामीकडे ते होताना पाहिलं. मामीची नात, कॉलेजात जाणारी, मोबाइलवर बघून एक वाटी साखर आणि दोन चमचे पाणी गॅसवर ठेवून बसली होती. पाक छान सोनेरी झाला, तिने गॅस बंद केला आणि दहा मिनिटांत पातेल्यात पांढरे खडे. मामी भाजी निवडता निवडता म्हणाली, “लिंबू न्हाई पिळलंस व्हय? मग साखर धरणारच की.” दुसऱ्या घाण्याला दोन चमचे लिंबाचा रस पडला, आणि पाक मधासारखा लांबट, चकचकीत उतरला.

मामीच्या त्या एका वाक्यात साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतलं निम्मं रसायन आहे. साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. पाणी, उष्णता आणि आम्ल एकत्र आले की ही जोडी फुटते. नुसती साखर असली तर तिचे सारखे रेणू एकमेकांना बिलगून स्फटिक बांधत जातात. मधे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज घुसले की रांग मोडते, आणि पाक चिकट, ओढाळ राहतो. या मिश्रणाला इन्व्हर्ट शुगर म्हणतात. साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश गेला की त्याचं प्रतल उजवीकडे वळतं. जोडी फुटली की ते प्रतल डावीकडे वळायला लागतं, म्हणून ‘इन्व्हर्ट’, उलटलेली. कारखान्यात रसातली साखर मोजतात ती याच वळणावरून.

आता गंमत बघा. जी गोष्ट नातीला हवी होती, तिचाच गुऱ्हाळावरच्या गुळव्याला धसका असतो. उसाचा रस मुळात किंचित आंबट. काहिलीत तो तसाच उकळू दिला तर साखर फुटत जाते आणि गुळाची ढेप बसत नाही, हाताला चिकटते. म्हणून गुळव्या रसात बेताने चुना घालतो, आंबटपणा मारतो. भेंडीचं पाणी घालतो ते मळी वर आणायला. तोडलेला ऊस वाहनाअभावी फडात चार दिवस पडून राहिला की शेतकरी हवालदिल होतो, तेही याचसाठी: वजन घटतंच, पण साखर आतल्या आत फुटते आणि साखरेचा उतारा पडतो. ज्या पट्ट्यात हंगामभर उताऱ्याच्या टक्क्यावरून गावागावांत वाद झडतात, तिथल्या स्वयंपाकघरात एक मुलगी मुद्दाम लिंबू पिळून उतारा पाडत होती म्हणायचं.

पाक कधी उतरवायचा? मामीने वाटीत गार पाणी घेतलं, चमच्याने थेंब सोडला. पहिल्यांदा तो पसरला, दुसऱ्यांदा तळाशी मऊ गोळी झाली. लाडवाच्या पाकाला लावतात तीच परीक्षा, लाडवापेक्षा थोडी पुढची. गोळी वळते तेव्हा पाकाचं तापमान साधारण 115 ते 120 अंश सेल्सियस असतं. पाणी जसजसं उडतं तसतसा उरलेला पाक जास्त तापमानाला उकळतो, म्हणून तापमानावरून पाणी किती उरलं ते कळतं. पण थर्मामीटरपेक्षा मामीची वाटी सरस. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास; तिथे पाणीच चार-साडेचार अंश आधी उकळतं, त्यामुळे पाकाचेही आकडे खाली सरकतात. पाण्यातल्या गोळीला उंचीची फिकीर नसते. पावसाळ्यात मात्र वाईत काय, महाबळेश्वरात काय, हे वॅक्स दगा देतं. फ्रुक्टोज हवेतली ओल ओढून घेतं, पाक सैल पडतो, केस धरत नाही.

हा सगळा भाग मजेचा. पुढचा भाग कातडीचा आहे.

120 अंशांचा पाक आणि 100 अंशांचं पाणी यांत फरक नुसता वीस अंशांचा नसतो. पाणी अंगावर सांडलं तर ओघळून जातं; पाक बसून राहतो आणि आपली सगळी उष्णता त्याच जागी रिकामी करतो. 60 अंशांची वस्तूही काही सेकंद टेकून राहिली तर खोल भाजतं. वाटीतला पाक वरून निवलेला दिसतो, साय धरतो आणि पोटात धगधगत असतो. तेव्हा तो ढवळून, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघायचा. कोमट वाटला, बोटांत मळता आला, तरच चेहऱ्याकडे न्यायचा. चुकून भाजलंच तर पाक ओरबाडून काढू नका. साखरेच्या वॅक्सचा मोठा गुण हा की ते पाण्यात विरघळतं. नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा, ते आपण होऊन सुटतं. बर्फ नको, टूथपेस्ट नको आणि सांगलीची असली तरी हळद नको. 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या त्या हळदीबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते: भाजल्या जागी ती फक्त पिवळा थर चढवते, आणि खाली काय झालंय ते डॉक्टरला दिसत नाही.

लावण्या-काढण्याची रीत थोडक्यात. केस तांदळाच्या दाण्याएवढा, पाच-सहा मिलिमीटर तरी वाढलेला हवा. मळलेला पाक केसाच्या उलट दिशेने पसरायचा आणि केसाच्या दिशेने झटक्यात काढायचा. पट्टीच्या वॅक्सचं नेमकं उलटं. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची आणि ओढ कातडीला समांतर ठेवायची. वर उचललं तर केस तुटतो, वर काळानिळा डाग. एका जागी एकदाच. कारण केसाबरोबर कातडीचा सगळ्यात वरचा, मेलेल्या पेशींचा पातळ थरही निघत असतो. पहिल्या खेपेला हे खपतं, दुसऱ्या खेपेला त्याच जागी खालची ओली कातडी सोलली जाते. पुरळ, मुरूम, ओठावर ज्वर उठलेला असेल तर तो बेत पुढे ढकलावा. नाकाच्या आत तर मुळीच नाही. आणि वॅक्सनंतर दोन दिवस उन्हापासून जपावं. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला जरा चिडवलं की ती काळा डाग धरते आणि ओठावरची लव गेली, सावली राहिली, असं होऊन बसतं.

वस्तरा फिरवल्याने केस राठ होतात या समजुतीचा निकाल 1928 मध्येच लागला आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी दाढी केलेल्या केसांची वाढ मोजून दाखवली: काही फरक पडत नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो खुपतो, एवढंच. वॅक्समध्ये केस मुळातून निघतो, म्हणून तीनेक आठवडे उसंत मिळते आणि नवा येतो तो निमुळत्या टोकाचा.

मामीच्या नातीला मी विचारलं, तोंडाला रोज काय लावतेस? तिने एक ट्यूब आणली. मैत्रिणीने सांगितलेली, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, गोरेपणासाठी. बारीक अक्षरांत स्टिरॉइडचं नाव होतं. इथे माझा जीव खालीवर झाला. स्टिरॉइडचं मलम महिनोन्महिने लावलं की चेहऱ्याची कातडी कागदासारखी पातळ होते, आणि त्याच मलमाने चेहऱ्यावरची लव वाढते. म्हणजे मुलगी लव वाढवणारं औषध लावते, मग ती लव पातळ झालेल्या कातडीवरून पाकाने ओढून काढते. 2018 मध्ये केंद्र सरकारने ही मलमं चिठ्ठीच्या औषधांत टाकली. पण नियम राजपत्रात असतो आणि ट्यूब ड्रॉवरमध्ये. मुरमांसाठी ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापलीन लावणाऱ्यांनीही वॅक्सच्या आधी ते काही दिवस थांबवावं. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, किंवा बंद होऊन सहा महिने झाले नसतील, तर चेहऱ्याला वॅक्स नकोच. त्या दिवशी पाक तिच्या ओठावर गेला नाही. हातावर गेला.

ओठावरची मऊ लव प्रत्येकीला असते, ती काढावी की राहू द्यावी हा जिचा तिचा प्रश्न. हनुवटीवर, जबड्याच्या कडेला काळे, जाड केस येऊ लागले तर मात्र गोष्ट वेगळी. तिथली केसांची मुळं पुरुषी संप्रेरकांचं ऐकतात. फेरिमन आणि गॅल्वे या डॉक्टरांनी 1961 मध्ये बाईच्या अंगावरच्या केसांना गुण देण्याची जी पद्धत बसवली, तिच्यात वरचा ओठ आणि हनुवटी यांचा वेगवेगळा हिशेब आहे. असल्या केसांमागे बहुतेकदा पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) निघतो, आणि तो साधारण दहातल्या एकीला असतो. पाळी लांबते, वजन वाढतं, मुरूम जात नाहीत, आणि घरात चर्चा चालते ती फक्त ‘मिशी’ची. मामीसारख्या साठीतल्या बाईच्या हनुवटीवरचे चार केस मात्र वयाचे; इस्ट्रोजेन ओसरलं की ते डोकावतात. त्यांना चिमटा पुरतो.

सांगली जिल्ह्याने चेहऱ्यावरच्या केसांचं एक दुर्मिळ टोकही पाहिलं आहे. जन्मापासून सगळ्या चेहऱ्यावर दाट केस असणारी मुलं-मुली इथे आहेत. त्याचं कारण जनुकांत. परदेशी वर्तमानपत्रांनी त्यांचे फोटो लांडग्याची उपमा देऊन छापले. अशा मुलांना वॅक्सचा उपाय सुचवणारे सुचवतात. काढला तरी केस येत राहतो, मुलाची कातडी तेवढी सोसते.

उरलेला पाक नातीने काचेच्या बरणीत भरला. राळेच्या वॅक्सचं पातेलं तेलाशिवाय निघत नाही; हे पातेलं गरम पाणी ओतून ठेवलं, अर्ध्या तासात स्वच्छ. पण सकाळी उठून बघते तो ओट्यावर मुंग्यांची रांग, थेट बरणीच्या झाकणापर्यंत. मामीने काही न बोलता परातीत पाणी घेतलं आणि बरणी मधोमध ठेवली, काकवीची ठेवतात तशी.