मूलपेशींची पारख



शेतातले एखादे रोप इतरांहून जोमाने वाढले, तर शेतकऱ्याला आनंद होतो. मूलपेशींच्या प्रयोगशाळेत मात्र असा जोम दिसला की जाणत्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. असे का, तेच आज पाहावयाचे आहे.

मूलपेशी म्हणजे जिचे काम अद्याप ठरलेले नाही अशी पेशी. तिच्यापासून डोळ्याची, हृदयाची, निरनिराळ्या अवयवांची पेशी घडविता येते. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या पक्व पेशींत चार जनुके घालून त्यांना या बाल्यावस्थेत परत नेले. २००७ साली मानवी पेशींतही ते साधले.

परंतु रोग्याला द्यावयाच्या पेशी आधी काचपात्रात वाढवाव्या लागतात. प्रत्येक विभाजनाच्या वेळी पेशीतील आनुवंशिक मजकुराची नक्कल होते, आणि नक्कल म्हटली की चूक आलीच. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. पण एखाद्या चुकीमुळे पेशी भराभर वाढू लागली, तर पाहता पाहता सारे पात्र तिच्याच वंशजांनी भरते. कर्करोगाचा स्वभाव तरी याहून वेगळा काय आहे? भ्रूणापासून सिद्ध केलेल्या १४० मूलपेशी-वाणांच्या २०१७ सालच्या तपासणीत, पाच वाणांत कर्करोगाला आवर घालणाऱ्या टीपी-५३ या जनुकात बिघाड आढळला.

म्हणून ही पारख. प्रथम ४६ गुणसूत्रे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यात मोठे दोष दिसतात, बारीक निसटतात. त्यांसाठी मजकूर अक्षर अक्षर वाचून रोग्याच्या मूळ पेशींशी ताडून पाहावा लागतो.

कोबे शहरात सप्टेंबर २०१४ मध्ये एका वृद्ध स्त्रीच्या डोळ्यात, तिच्याच त्वचेपासून घडविलेल्या पेशींचा पापुद्रा बसविण्यात आला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशीही सिद्ध होत्या. परंतु त्यांत आनुवंशिक बदल आढळले. ते घातक ठरतीलच, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. एकीकडे मंदावणारी दृष्टी, दुसरीकडे अनिश्चित धोका! डॉक्टरांनी रोपण थांबविले. पुढे २०१७ साली दुसऱ्या दात्याच्या पेशी वापरून हे काम पुन्हा सुरू झाले.

गोळी मानवली नाही तर बंद करता येते. शरीरात रुजलेली पेशी अशी सहज परत घेता येत नाही. तेव्हा मूलपेशींचा उपचार कोणी पुढे केला, तर गुण किती येईल हे विचारण्याआधी, या पेशी कोणी व कशा तपासल्या, हे अवश्य विचारावे.