'फ्यूसिस', निसर्ग आणि पिंड

विंदा करंदीकर यांच्या 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' (१९५७) या ग्रंथामुळे ॲरिस्टॉटलचा काव्यविचार मराठी अभ्यासकांना स्वभाषेतून उपलब्ध झाला. तथापि या विचारामागील 'फ्यूसिस' ही ग्रीक संकल्पना सरसकट 'निसर्ग' या शब्दाने ओळखल्यास अर्थाचा घोटाळा संभवतो. आधुनिक मराठीत निसर्ग म्हणजे प्रामुख्याने बाह्य सृष्टी होय. बालकवींना 'निसर्गकवी' म्हणताना हाच अर्थ अभिप्रेत असतो. परिणामी, कला निसर्गाचे अनुकरण करते हे ॲरिस्टॉटलचे मत सृष्टीच्या हुबेहूब चित्रणाचा पुरस्कार वाटू लागते.

'फ्यूसिस' हे नाम उगवणे, वाढणे या अर्थाच्या धातूपासून सिद्ध झाले असून तो धातू संस्कृत 'भू'शी सजातीय आहे. इ. स. पूर्व सहाव्या शतकात मायलेटसच्या तत्त्वचिंतकांनी वस्तुमात्राचे मूलद्रव्य शोधले. थेलीसने ते पाण्यात, तर ॲनॅक्सिमिनीझने वायूत पाहिले. ॲरिस्टॉटलने (इ. स. पूर्व ३८४-३२२) 'फिजिक्स'च्या दुसऱ्या खंडात वस्तूच्या ठायी अंगभूत असलेले गतिस्थितीचे कारण, अशी फ्यूसिसची व्याख्या केली. कोय रुजून आंब्याचे झाड होते. लाकूड मात्र आपणहून पलंग होत नाही, त्याचे कारण सुताराच्या ठायी असते. कला व निसर्ग यांविषयीचे उपरोक्त मतही 'काव्यशास्त्रा'त नसून 'फिजिक्स'मध्ये आहे. तेथील साम्य दृश्य रूपाचे नव्हे, तर प्रक्रियेचे आहे : दोहोंतही आधीची पायरी पुढील साध्यासाठी असते.

'काव्यशास्त्रा'त अनुकरणाचा विषय मानवी कृती हा आहे. फ्यूसिसचा अर्थपूर्ण उल्लेख तेथे येतो तो शोकात्मिकेच्या विकासासंबंधी. एस्किलसने नटांची संख्या एकावरून दोन केली, सोफोक्लीझने तिसरा नट आणला. संवाद येताच बोलण्याला जवळचे वृत्त फ्यूसिसनेच शोधून दिले. आणि स्वतःची फ्यूसिस लाभल्यावर शोकात्मिकेची वाढ थांबली, असे प्रतिपादन चौथ्या प्रकरणात आहे. येथे 'निसर्ग' हा प्रतिशब्द दिशाभूल करील.

'प्रकृती' हा शब्द अधिक जवळचा. परंतु सांख्यांची प्रकृती एक, अचेतन व पुरुषाहून भिन्न आहे, तर ॲरिस्टॉटलची फ्यूसिस ज्या त्या वस्तूची स्वतःची असते. 'निसर्गतः' या क्रियाविशेषणात मराठीने हा आंतरिक अर्थ जपला आहे. साहित्यप्रकारांच्या चर्चेत मात्र समीक्षेत रुळलेला 'पिंड' हाच शब्द अधिक उपयुक्त ठरतो. एखाद्या साहित्यप्रकाराचा पिंड कोणता, असे विचारणारा मराठी समीक्षक वस्तुतः फ्यूसिसचाच प्रश्न विचारीत असतो.