सुन्न पावलांमागे केवळ साखरच नसते

तुळजापूर तालुक्यातील सत्तरीचे एक माळकरी आजोबा दवाखान्यात आले, तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी वाटेत कधी निसटली, हे त्यांना कळलेच नव्हते. मधुमेह बारा वर्षांचा. म्हणून घरच्यांनी सारा दोष साखरेवर टाकला होता. साखर तर आटोक्यात होती. रक्तात ब-१२ जीवनसत्त्व मात्र फारच कमी आणि होमोसिस्टीन वाढलेले आढळले.

प्रथिनांतील मेथिओनिनपासून शरीरात होमोसिस्टीन तयार होते. ब-१२ व फोलेट त्याचे पुन्हा मेथिओनिन करतात. ब-६ त्याला दुसऱ्या वाटेने मार्गी लावते. ही जीवनसत्त्वे कमी पडली की ते रक्तात साचते. लिटरमागे साधारण १५ मायक्रोमोलपर्यंतचे प्रमाण योग्य मानतात.

हे केवळ मधुमेहींचे दुखणे नव्हे. पुण्यातील २०४ जणांचा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी, मधुमेही आणि हृदयरोगी असे गट होते. एकंदर ७७ टक्के लोकांत होमोसिस्टीन १५च्या वर होते आणि गटागटांत लक्षणीय फरक नव्हता. फरक दिसला तो आहारात: शाकाहारींत ब-१२ कमी, होमोसिस्टीन अधिक.

वाढते वय, मूत्रपिंडाचा विकार, थायरॉईडची मंदता आणि धूम्रपान यांनीही ते वाढते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास ब-१२चे शोषण घटते. आम्लपित्ताच्या काही गोळ्यांचेही तसेच. म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये. डॉक्टरांकडून ब-१२ तपासून घ्यावे.

होमोसिस्टीनच्या तपासणीत एक काळजी घ्यावी. रक्त तसेच ठेवले तर पेशींतून होमोसिस्टीन बाहेर पडत राहते आणि आकडा खोटा फुगतो. नमुना दूरच्या शहरी जाणार असेल, तर रक्तद्रव लगेच वेगळा करतात का, हे विचारावे.

जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन उतरते. पण त्यामुळे हृदयविकाराचा झटका टळतो, असे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. खरा लाभ ब-१२ची उणीव भरून निघण्याचा आहे. नुसते फोलिक ॲसिड घेतल्यास रक्तक्षय सुधारतो, पण नसांची हानी आतून चालूच राहते. दूध, दही रोज घ्यावे; चालत असल्यास अंडी, मासे. उणीव मोठी असेल तर आहार पुरत नाही, औषधच लागते.

इंजेक्शनांनंतर आजोबांचा तोल सावरला. बोटांचा बधिरपणा थोडा उरलाच. वर्षभर आधी आले असते तर कदाचित तोही उरला नसता. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांची चप्पल निसटू लागली, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नका.